गिरणगावची पायी फेरी: येण्याआधी एवढं वाचा

लालबाग-परळला फिरायला येणाऱ्यांना बहुधा गिरण्या पाहायच्या असतात. त्या आता फारशा उरलेल्या नाहीत. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात आहे, ती तुम्ही खरेदीला गेलात की दिसेलच. आमची फेरी आहे ती पाळी सुटल्यावर कामगार कुठे जेवायचा आणि कुठे पाठ टेकायचा, याची.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. मग कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. बहुतेक एकटे पुरुष. बायकामुलं गावी शेतीवर. एका गावच्यांनी मिळून खोली घ्यायची, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. रात्रपाळीवाला परतेपर्यंत दिवसपाळीवाल्याने जागा मोकळी केलेली असे. गावच्या देवळाची वर्गणी, भजनाची बारी, शक्ती-तुऱ्याची तालीम, सगळं याच खोल्यांत ठरायचं.

जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की तिची उधारी थकायची आणि ती सावकाराच्या दारात जायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावच्या गोष्टीत पुढारी भरपूर भेटतात, या बायका क्वचितच. म्हणून फेरीत त्यांच्याविषयी जरा जास्तच बोलतो. कंटाळलात तर सांगा.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वाटेत जुने कामगार भेटले तर बोलतात, पण ‘संपात काय झालं?’ हा पहिलाच प्रश्न नको. आधी गाव विचारा.

लालबागच्या राजाची सुरुवात १९३४ ची. बाजार बंद पडलेल्या कोळी-विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी केलेला तो नवस. मात्र गणपतीच्या दिवसांत आम्ही फेरी ठेवत नाही, गर्दीत काही ऐकू येत नाही.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, तिथे बाहेरूनच पाहतो. १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार कसा मांडला जायचा, ते जमिनीवर खडूने आखून दाखवतो. चाळीत कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

सुरुवात चिंचपोकळी स्टेशनच्या पूर्वेला, शेवट मसाला गल्लीत. एप्रिल-मेमध्ये तिथे बेडगी-संकेश्वरी मिरच्या कुटल्या जात असतात. दमा असेल तर पावसाळ्यानंतरची फेरी घ्या. चहा-नाश्ता शुल्कात धरलेला नाही. मसाला घ्यायचा असेल तर पिशवी घरून आणा.