गाडीतले पाणी जाते कुठे? जुन्या गाड्यांच्या हेड गॅस्केटविषयी आमच्या ग्राहकांसाठी

हेडच्या कामासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न एकच विचारतात: "नुसतं पॅकिंग बदलायचं, तर चार दिवस कशाला लागतात?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे, परंतु इंजिन उघडे पडलेले, फोन वाजत असलेला आणि मागे दुसरी गाडी थांबलेली, अशा वेळी ते उत्तर नीट देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर लिहून ठेवत आहोत.

आमचे गॅरेज वाईत आहे. पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या मार्च ते मे या काळात आमच्याकडे सर्वाधिक येतात, आणि त्यांत मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन, इंडिका, सुमो अशा गाड्यांचा भरणा मोठा असतो. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, म्हणजे तिची सर्वांत नवी गाडीसुद्धा आज दहा वर्षांच्या पुढची आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलेल्या गाड्याही आमच्याकडे पुष्कळ आहेत. या गाड्या वाईट नाहीत. नीट सांभाळलेले जुने इंजिन आजही कुरकुर न करता घाट चढते, हे आम्ही रोज पाहतो. मात्र त्यांना एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे पाण्यावाचून तापणे.

हेड गॅस्केट, ज्याला आपण सगळेच हेड पॅकिंग म्हणतो, ते ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावर झाकणासारखा बसणारा भाग) यांच्यामध्ये दाबून बसवलेले असते. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल या तिन्ही गोष्टी त्या पातळ थराच्या भोकाभोकांतून एकमेकींच्या अगदी जवळून जातात आणि तरीही एकमेकींत मिसळत नाहीत. असे पॅकिंग आपणहून सहसा जात नाही. कित्येक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. एक फूटभर लांबीचे हेड १०० अंशांनी तापले, तर ते साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर वाढते आणि त्याखालचा ब्लॉक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. नेहमीच्या तापमानात हा फरक पॅकिंग सांभाळून घेते. इंजिन मर्यादेबाहेर तापले की बोल्टांनी आवळलेल्या हेडला पसरायला जागा उरत नाही, ते मध्ये फुगते, आणि पुन्हा थंड झाल्यावरही पूर्ववत सपाट होत नाही. पॅकिंग जळते ते त्यानंतर. म्हणून फक्त पॅकिंग बदलणे म्हणजे वाकलेल्या चौकटीत नवी काच बसवण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमचा सर्वाधिक वेळ आणि ग्राहकांचा सर्वाधिक पैसा एकाच चुकीमुळे जातो: पाणी कमी होत आहे हे माहीत असते, पण ते जाते कुठे हे न पाहता ते भरत राहणे. रेडिएटरचे पाणी हे पेट्रोलसारखे खर्च होणारे नाही. ती बंद व्यवस्था आहे. तापल्यावर जास्तीचे पाणी बाजूच्या बाटलीत जाते आणि थंड झाल्यावर तेच परत ओढले जाते. दोन-तीन महिन्यांत बाटलीतली पातळी किंचित खाली गेली तर समजू शकते, परंतु दर आठवड्याला अर्धा लिटर लागत असेल तर ते कोठून तरी गळत आहे किंवा इंजिनात जळत आहे. तिसरी शक्यता नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक मारुती ८०० दोरीने ओढून आमच्याकडे आणली होती. मालक काळजीने गाडी वापरणारे, वेळेवर ऑइल बदलणारे गृहस्थ. चार महिने दर रविवारी ते रेडिएटरमध्ये पाण्याची एक बाटली रिकामी करीत होते. "जुनी आहे, एवढं पाणी पिणारच," असे त्यांनी आम्हाला सांगितले. घाटात काटा वर चढू लागला तेव्हा पाचगणी दोनच किलोमीटर राहिली होती, म्हणून त्यांनी गाडी तशीच नेली. हेड काढून आम्ही त्याच्या तोंडावर सरळपट्टी उभी धरली आणि मधल्या सिलिंडरपाशी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, ०.२५ मिलिमीटरची पाती पट्टीखालून आरपार सरकली. अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या हेडला ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मग पाणी जात कुठून होते? रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप गंजून सैल झाली होती आणि तिच्याखाली क्षाराचा पांढरा ओघळ वाळून बसलेला होता. चहा-नाश्त्याच्या पैशांत ती क्लिप बदलून मिळाली असती. हे आम्ही त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. चार महिन्यांत एकदा जरी गाडी थंड असताना आमच्याकडे आली असती, तर तो ओघळ पाच मिनिटांत दिसला असता, एवढेच सांगायचे आहे.

याच संदर्भात काट्याविषयी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोपर्यंतच खरे सांगतो. पाणी पूर्ण आटले की तो कोरडा पडतो आणि वर गेलेला काटा पुन्हा खाली येऊ शकतो. "मध्येच गरम झाली होती, पण नंतर आपोआप थंड झाली," असे जेव्हा ग्राहक सांगतात, तेव्हा आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते. काटा तांबड्याकडे निघाला की एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. थांबायला जागा मिळेपर्यंत, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण सोडावा; त्यामुळे इंजिनातली बरीच उष्णता आत येते, त्रास होतो, पण हेड वाचू शकते. किमान पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडून भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. तडा गेलेले हेड घासून दुरुस्त होत नाही. त्यानंतर आम्हाला फोन करावा. ओढून आणण्याचा खर्च हेडच्या कामापुढे अगदी किरकोळ असतो.

झाकणाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे उघड्या भांड्यातले साधे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे चांगले झाकण दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोचा दाब धरून ठेवते आणि उकळण्याचा बिंदू वीसेक अंशांनी वर नेते. त्या झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की घाटमाथ्यावर इंजिनाला मिळणारी ही सवलत संपते. जुन्या गाडीचे झाकण आम्ही दाब देऊन तपासतो आणि ते दाब धरत नसेल तरच नवे घालण्यास सांगतो.

रेडिएटरची गळती बंद करण्यासाठी त्यात हळद टाकण्याचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. रानात अडकलेल्या माणसाने घरी पोहोचण्यापुरता तो केला तर आमचे काही म्हणणे नाही. परंतु ती हळद पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये बसते आणि सुटलेली गळती थांबवताना वाहते पाणीही थांबवते. दुकानात मिळणाऱ्या गळती बंद करण्याच्या द्रावणांचेही तसेच आहे. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या इंजिनांत आतून चहाच्या भांड्यासारखे क्षाराचे थर निघतात. "आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅटची गरजच काय," म्हणून तो, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेल्या गाड्याही येतात. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये गाळ धरतो, आणि काही इंजिनांत तर पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत जात राहतो, त्यामुळे घाटात गाडी उलट अधिक तापते. काढलेला थर्मोस्टॅट आम्ही परत बसवतो आणि याबाबत आग्रह धरतो.

पॅकिंग खरोखर गेले आहे का, हे ओळखण्यात ग्राहकांची दोन ठिकाणी हमखास गफलत होते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला की घाबरून गाडी आणली जाते. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो थर नुसत्या दमटपणानेही धरतो. गेजच्या काठीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर मात्र गाडी सुरूच करू नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग खाते. तसेच थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी आणि पाच-दहा मिनिटांत थांबणारी पांढरी वाफ ही चिंतेची गोष्ट नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही येणारा, कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रावणाचा) गोडसर वास असलेला दाट पांढरा धूर ही चिंतेची गोष्ट आहे. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर होज पाइप दगडासारखा टणक होणे, बाटलीत सतत बुडबुडे येणे आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांनी एकदम दगा देणे, या खुणा आमच्या दृष्टीने अधिक बोलक्या आहेत.

तरीही केवळ खुणांवरून आम्ही हेड उघडत नाही. आधी थंड गाडीच्या रेडिएटरला पंपाने दाब देऊन तो किती वेळ टिकतो ते पाहतो, मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजतो, आणि शंका उरली तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी लावतो. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर पेट्रोल गाडीत ते द्रावण पिवळे पडते, आणि हा रंग बदलताना ग्राहकाने स्वतः पाहावा असा आमचा आग्रह असतो. या तपासणीत पॅकिंग शाबूत आहे आणि दोष वॉटर पंपाचा, बंद पडलेल्या फॅनच्या स्विचचा किंवा एखाद्या पाइपचाच आहे, असे अनेकदा निघते. अशा वेळी तेवढेच काम करून गाडी परत दिली जाते.

आता चार दिवसांचा हिशेब. पहिला दिवस तपासणी आणि हेड उतरवण्यात जातो. हेड मशीन शॉपमध्ये पाठवावे लागते. तेथे ते गरम पाण्यात दाब देऊन तड्यांसाठी तपासले जाते, मगच त्याचे तोंड घासून सपाट केले जाते, आणि तेथे आमच्याखेरीज इतरांचीही रांग असते. हेड किती घासता येते यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली तर कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन खटखटू लागते, म्हणून मर्यादेबाहेरचे हेड आम्ही बसवत नाही, मग ग्राहकाने कितीही गळ घातली तरी. अनेक डिझेल इंजिनांत पॅकिंग वेगवेगळ्या जाडीची येतात आणि त्यांवरच्या खाचा किंवा भोके मोजून, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते पाहून योग्य पॅकिंग निवडावे लागते. हाताला लागले ते बसवून चालत नाही. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळले जातात. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. अंदाजाने पाना ओढणारा कारागीर हे काम अर्ध्या वेळात करतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच्या हातून गेलेल्या काही गाड्या दोन महिन्यांनी आमच्याकडेच येतात.

हेड उघडण्यापूर्वी आम्ही पक्का आकडा सांगत नाही, यावरही काहींची नाराजी असते. आम्ही एक खालची आणि एक वरची रक्कम सांगतो, हेड मशीन शॉपमधून आल्यावर ग्राहकाला बोलावून जुने पॅकिंग हातात देतो आणि त्यानंतरच पुढचे काम सुरू करतो. त्याच वेळी टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि गरज असल्यास वॉटर पंप बदलण्याचे सुचवतो, कारण इंजिन उघडे असताना या कामाची वेगळी मजुरी जवळजवळ पडत नाही. रेडिएटर साफ करून घेण्यास नकार असेल, तर मात्र आम्ही हेडच्या कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि तसे बिलावर लिहून देतो.

शेवटी शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे मिसळलेले कूलंट भरले जाते. तयार मिसळलेले कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचे नसते. ते साधारण दोन वर्षांनी किंवा डब्यावर लिहिल्याप्रमाणे बदलावे, आणि रस्त्यात पातळी खाली दिसलीच तर नळाच्या पाण्याने पुरी करून आम्हाला तसे सांगावे.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, घाटातली गर्दी वाढण्यापूर्वी, ऑइल बदलण्यासाठी येणाऱ्या दहा वर्षांवरील प्रत्येक गाडीची रेडिएटर-दाब तपासणी आम्ही विनामूल्य करतो. तपासणीसाठी गाडी आदल्या रात्रीपासून उभी असलेली, पूर्ण थंड आणावी. लांब राहणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी आमच्या आवारात लावून ठेवली तरी चालेल. घरी गाडीखाली रात्रभर जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि त्यावर डाग पडला तर तो कागद, गाडीचे तोंड कोणत्या बाजूला होते हे लिहून, सोबत आणावा. आणि एक कळकळीची विनंती: येण्यापूर्वी इंजिन धुऊन आणू नये व रेडिएटर काठोकाठ भरून आणू नये. आम्हाला जो ओघळ आणि जी पातळी पाहायची असते, तीच त्यामुळे नाहीशी होते, आणि मग गाडी दोन दिवस अधिक ठेवून घ्यावी लागते.