दोन महिने क्रीम लाव, रंग उघडेल?

मुलगी बघायला येणार म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. पण रंगपेशी गोऱ्या-सावळ्या सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात; त्या किती नि कसलं मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) बनवतात, ते मुख्यतः जनुकं ठरवतात. दंडाची आतली, उन्हाने न रापलेली बाजू बघा. तोच तुमचा मूळ रंग.

मग मैत्रीण पंधरा दिवसांत उजळली ती कशी? बऱ्याचदा स्टेरॉइडने. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल अशी स्टेरॉइडची नावं लिहिलीत का वाचा. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं. बंद केलं की नुसती आग.

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. बायोडेटातलं ‘गव्हाळ’ मात्र जागचं हललेलं नाही, आणि डेटिंग अ‍ॅपवरच्या फोटोंना उजळवणारा फिल्टर आहेच!