दिवस भरण्याआधीच कळा सुरू करणारा संसर्ग

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्माला आले, तर तिला अकाली प्रसूती म्हणतात. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली. याची कारणे अनेक असली, तरी फार लवकर, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात होणाऱ्या प्रसूतींमध्ये जिवाणू संसर्गाचा वाटा विशेष मोठा असतो.

हे जिवाणू बहुधा योनिमार्गातूनच वर चढतात. तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून इतरांना आवर घालतात. त्यांची संख्या घटली की गार्डनेरेला, युरियाप्लाझ्मा यांसारखे जिवाणू वाढतात आणि काही वेळा गर्भाशयमुख ओलांडून पाणमोटेपर्यंत, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीपर्यंत, पोहोचतात. पाणमोटेचे आवरण अर्धा मिलिमीटरही जाड नसते आणि त्याची सारी ताकद कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंत असते. जिवाणूंची चाहूल लागताच आईच्या पांढऱ्या पेशी तेथे जमतात, दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि त्यांच्यासोबत येणारी विकरे हे तंतू तोडू लागतात. त्याच दाहातून प्रोस्टाग्लँडिन तयार होते, जे गर्भाशयमुख मऊ करते आणि कळा आणते. म्हणजे प्रसूती घडवून आणण्यात जिवाणूंइतकाच शरीराच्या प्रतिकाराचाही हात असतो, आणि हे सारे चालू असताना आईला अनेकदा तापही नसतो.

म्हणूनच उपचार कधी होतो, याला फार महत्त्व आहे. लघवीत जिवाणू असूनही जळजळ किंवा ताप नसणे गरोदरपणात नवे नाही. सुरुवातीच्या महिन्यांत लघवीचे कल्चर करून (म्हणजे तिच्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहून) वेळीच औषध दिले, तर मूत्रपिंडाचा संसर्ग टळतो आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोकाही घटतो. ही साधी तपासणी प्रत्येक गरोदर स्त्रीची व्हायलाच हवी, असे मला वाटते.

एकदा दाह पेटून कळा सुरू झाल्या की मात्र प्रतिजैविकांची मात्रा फारशी चालत नाही. ऑरॅकल या मोठ्या चाचणीत, पाणमोट शाबूत असताना अकाली कळा आलेल्या आणि संसर्गाची लक्षणे नसलेल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने बाळांना काहीही लाभ झाला नव्हता. उलट ही मुले सात वर्षांची झाली तेव्हा औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा नसण्याचे, प्रमाण थोडे अधिक आढळले. ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक देण्याची सवय किती महागात पडू शकते, हे यातून दिसते.

पाणमोट वेळेआधी फुटली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा संसर्गाला वाट मोकळी झालेली असते आणि योग्य प्रतिजैविकाने प्रसूती काही दिवस लांबवता येते. तेवढ्या अवधीत बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात. त्यामुळे अंगावरून पाण्यासारखा स्राव जात असेल, तर पोटात दुखत नसले तरी कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.