कस्टम इंडेक्स आणि व्हेंडर अपडेट

कस्टम इंडेक्स : विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये वापरणाऱ्याने आपल्या गरजेसाठी घातलेला इंडेक्स. सॉफ्टवेअर व्हेंडरचे, म्हणजे ते बनवून विकणाऱ्या कंपनीचे; डेटा वापरणाऱ्याचा. इंडेक्स या दोघांच्या बांधावर असतो आणि अपडेट आला की तंटा बांधावरच होतो.

जुन्या पेढ्यांवर खतावणीच्या सुरुवातीला खातेदारांची अकारविल्हे अनुक्रमणिका असे. इंडेक्स म्हणजे तीच. तो बहुधा बी-ट्री नावाच्या, झाडासारख्या फांद्या असलेल्या रचनेत ठेवतात. बेयर व मॅक्राइट यांनी ती १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. शोध झटपट लागतो, पण नवी नोंद आली की अनुक्रमणिकाही लिहावी लागते.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा चादर-टॉवेलचा कारखाना घ्या. देशभरासाठी बनवलेले सॉफ्टवेअर बिल नंबरावर इंडेक्स ठेवते. इथला स्टोअरकीपर मात्र सुताचा लॉट विचारतो, कारण एकाच रंगाचे दोन लॉट एका चादरीत गेले तर पट्टा उठून दिसतो. म्हणून लॉट नंबरावर इंडेक्स घातला जातो. पुढच्या अपडेटमध्ये व्हेंडर त्याच कॉलमचा प्रकार अंकांवरून अक्षरांवर नेतो. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर) ‘या कॉलमवर इंडेक्स अवलंबून आहे’ असे सांगून अडतो आणि अपडेटची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, अर्ध्यावर राहते. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी : कॉलम काढून टाकला तर त्यावरचा इंडेक्सही मुकाट्याने जातो, कळते ते स्क्रीन रेंगाळू लागल्यावर.

साधा इंडेक्स उत्तर बदलत नाही, फक्त वेग बदलतो. युनिक इंडेक्सचे तसे नाही. व्हेंडरच्या कोडला चालणारी दुबार नोंद तो नाकारतो. एसक्यूएल सर्व्हरमधला फिल्टर्ड इंडेक्स, म्हणजे ठरावीक अटीत बसणाऱ्या नोंदींपुरताच इंडेक्स, त्याहून फसवा. जुन्या कोडने ‘कोटेड आयडेंटिफायर’ (दुहेरी अवतरणातला शब्द नाव मानायचा की नाही हे ठरवणारे) सेटिंग बंद ठेवले असेल, तर त्या टेबलात नोंदच होत नाही. परक्या डेटाबेसमध्ये हे दोन्ही न घातलेले बरे.

रीत अशी : इंडेक्सच्या नावाला स्वतःची खूण जोडायची आणि तो काढण्या-घालण्याच्या स्क्रिप्ट डेटाबेसबाहेर जपायच्या. डेटाबेसच्या प्रतीवर अपडेटची तालीम करायची. खऱ्या अपडेटआधी आपले इंडेक्स उतरवायचे. नंतर व्हेंडरने तसाच इंडेक्स दिला आहे का ते पाहून उरलेले परत घालायचे. व्हेंडरला आधी कळवलेले चांगले, कारण काही सपोर्ट करारांत असा फेरफार चालत नाही. निरुपयोगी इंडेक्स हुडकताना जपावे. एसक्यूएल सर्व्हर वापराचे आकडे ठेवतो, पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की ते शून्यावर येतात. मार्चअखेरच्या रिपोर्टसाठी घातलेला इंडेक्स मग जुलैत बिनकामाचा दिसतो.