सोनपाखरांची कुळकथा: रंगावर भाळलेले आणि अळीकडे पाहिलेले

विदर्भात पावसाळा लागला की बाभळीवर हिरवी, धातूसारखी चकाकणारी सोनपाखरं दिसतात. मुलं ती काडेपेटीत बाभळीचा पाला घालून पाळत आली आहेत. बहुधा ती स्टर्नोसेरा या प्रजातीतली असतात (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि अशा प्रजातींचं मिळून कुल) आणि त्यांचं कुल ब्युप्रेस्टिडी. या कुलात आजवर सुमारे १५ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांची मांडणी कशी करायची, यावर अडीचशे वर्षं खल चालू आहे, आणि माझ्या मते त्यातल्या बऱ्याचशा गोंधळाला या किड्यांचं देखणेपणच कारणीभूत आहे.

सुरुवात लिनियसची, म्हणजे सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाची. १७५८ साली त्याने ब्युप्रेस्टिस ही प्रजाती केली आणि माहीत असलेली सगळी चमकदार मंडळी तिच्यात बसवली. आपल्याकडचं स्टर्नोसेरा स्टर्निकॉर्निस हे त्याच यादीतलं. स्वतंत्र कुल म्हणून मान्यता मिळाली ती १८१५ साली, इंग्रज अभ्यासक विल्यम लीच याच्याकडून.

नंतर आले हौशी संग्राहक. सोनपाखराची चमक रंगद्रव्याची नसते. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात, प्रकाश त्यांच्यावरून परततो आणि ठरावीक रंग तेवढा उठून दिसतो. म्हणून मेलेलं पाखरू शंभर वर्षांनीही ताजं वाटतं. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत तर ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या सोनपाखरांचा रंग आजही दिसतो. असला किडा कोण सोडणार? मुघल काळापासून भारतात ही कवचं कपड्यांवर शिवत, आणि एकोणिसाव्या शतकात ती मद्रास-कलकत्त्याहून विलायतेला जाऊ लागली. एलेन टेरी या अभिनेत्रीने १८८८ मध्ये लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेला झगा अशा कवचांनी मढवलेला होता. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांच्या मोरपिसांच्या पोशाखावर, प्रत्येक पिसाच्या डोळ्याच्या जागी, हीच कवचं होती.

युरोपातल्या संग्रहांत पेट्याच्या पेट्या भरल्या आणि नावं देणाऱ्यांची चंगळ झाली. कास्तेलनो आणि गोरी यांनी १८३० च्या दशकात रंगीत चित्रांचे खंड काढले. पुढे बेल्जियमचे केरेमान्स, फ्रान्सचे तेरी आणि चेकोस्लोव्हाकियाचे यान ओबेनबेर्गर यांनी मिळून नव्या जातींचा पाऊस पाडला. एकट्या ओबेनबेर्गर यांनी दिलेली नावंच हजारोंनी मोजावी लागतात. पेटीतला मेलेला किडा, त्याचा रंग, त्याची लांबी, बस. तो कुठल्या झाडातून निघाला, त्याची अळी कशी होती, हे बहुतेकदा कुणी विचारलंच नाही.

या कथेत नागपूरचंही एक पान आहे, आणि ते रंगाचं नाही. मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे) यांना शहराजवळच्या टाकळीला, लाव्हाच्या थरांमध्ये साचलेल्या गाळात, वनस्पतींबरोबर किड्यांच्या कवचांचे ठसे मिळाले. त्यांवर अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूविज्ञान नियतकालिकात टिपण लिहिलं. एका कवचाला त्यांनी लोमॅटस हिस्लॉपी असं नाव देऊन सोनपाखरांच्या कुलात ठेवलं. तेवढ्या तुकड्यावरून कुल ठरवणं धाडसाचंच म्हणायचं. पण ठसा दख्खनच्या लाव्हाच्या काळातला, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे काही कमी नाही.

आपल्याकडे अळीकडे नीट पाहिलं ते वनखात्याने आणि शेतीखात्याने, कारण नुकसान त्यांचं होत होतं. ई. पी. स्टेबिंग यांचा भारतीय वनांतल्या भुंगेऱ्यांवरचा जाडजूड ग्रंथ १९१४ चा, तर देहरादूनच्या बीसन यांचा १९४१ चा. सोनपाखराची अळी बिनपायाची, डोक्यामागचा भाग रुंद आणि चपटा, आणि काम बहुधा एकच: लाकूड पोखरणं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे कुल ठाऊक आहे ते कपाशीच्या खोडकिड्यामुळे. उभं झाड सुकतं, खोड चिरलं की आत अळी. तो स्फेनोप्टेरा गॉसिपी. बाभळीवरचं सोनपाखरू आणि कपाशीचा हा शत्रू एकाच कुलातले, हे सांगितलं तर गावात कुणाला पटणार नाही.

स्टर्नोसेरा मात्र या पोखरणाऱ्यांपेक्षा वेगळा निघाला. त्याची मादी अंडी जमिनीवर टाकते, अळी मातीत राहून मुळं खाते. तो आणि त्याचे भाऊबंद ज्युलोडिनी या स्वतंत्र उपकुलात आहेत. साधारणपणे सहा उपकुलं मानतात, पण त्यांच्या सीमा पक्क्या नाहीत. २०१५ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की पानाच्या आत राहून पान पोखरण्याची सवय या कुलात एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे आली आहे.

नावांचा घोळ किती महाग पडतो, ते अमेरिकेने पाहिलं. २००२ मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश जातीची झाडं मरू लागली. आत सापडलेला हिरवा किडा तिथे कुणालाच ओळखता येईना. अखेर स्लोव्हाकियातल्या एदुआर्द येन्देक यांनी तो अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिस असल्याचं सांगितलं. फेअरमेअर यांनी १८८८ मध्ये चीनमधल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं होतं, आणि ओबेनबेर्गर यांनी त्यालाच १९३० व १९३६ मध्ये आणखी दोन नावं दिली होती. ही तिन्ही एकच, हे येन्देक यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण अमेरिकेत ओळख पटेपर्यंत कोट्यवधी झाडं खाणार असलेला हा किडा महासागर ओलांडून गेला होता.

एकट्या अ‍ॅग्रिलस प्रजातीत तीन हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेक काही मिलिमीटरच्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. त्या वेगळ्या करायला नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, आणि तरी शंका उरली तर डीएनए. नमुन्याच्या चिठ्ठीवर झाडाचं नाव असेल तर काम निम्म्याने हलकं होतं, आणि नेमकं तेच जुन्या पेट्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर नाही.