नॅरोबोट : ब्रिटिश कालव्यांवरील तरते घर

इंग्लंड आणि वेल्समधील अरुंद कालव्यांसाठी बांधलेली, सात फुटांहून कमी रुंदीची लांबुळकी नाव. एके काळी ती कोळसा आणि चिनीमाती वाहायची. आज तिच्यावर लोक राहतात आणि फिरतात. तिची रुंदी जलपाशांनी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नाव चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदांनी, लॉकनी ठरवली. जेम्स ब्रिंडलीने ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर (१७६६–७७) लॉक सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद ठेवले आणि पुढच्या अनेक कालव्यांनी तेच माप उचलले. त्यामुळे नवी नावही साधारण ६ फूट १० इंचच रुंद असते. उत्तरेकडचे काही लॉक आखूड असल्याने, जवळजवळ सगळीकडे फिरायचे असेल तर ५७ फुटी नाव घ्यावी. अरुंद लॉकमध्ये शिरण्यापूर्वी धक्के झेलण्यासाठी बाजूला लटकवलेले रबरी फेंडर वर ओढून घ्यावेत. जुन्या भिंती कुठे कुठे आत फुगल्या आहेत आणि एवढ्याशा रबराने नाव पाचरीसारखी अडकते.

नावा पूर्वी घोडे ओढत. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर खर्च वाचवण्यासाठी नावाड्यांची कुटुंबे मागच्या टोकाच्या दहाएक फुटी खोलीतच राहू लागली. दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवण्याची चाल त्यांचीच. १९६२–६३च्या हिवाळ्यात कालवे गोठून पडले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक जवळपास संपली. कालवे बुजले नाहीत, याचे मोठे श्रेय टॉम रोल्ट, रॉबर्ट एकमन प्रभृतींनी १९४६मध्ये उभ्या केलेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनला द्यावे लागते.

लॉक चालवायला बहुतेक ठिकाणी कर्मचारी नसतो. प्रवाशांनी ते स्वतःच चालवायचे. खाली उतरताना लॉक आधी भरलेला हवा. वरचा दरवाजा उघडून नाव आत घ्यायची, दरवाजा आणि लॉकमध्ये पाणी सोडणाऱ्या वरच्या झडपा बंद करायच्या आणि विंडलास नावाच्या काटकोनी हँडलने पाणी बाहेर काढणाऱ्या खालच्या झडपा उचलायच्या. अरुंद लॉकच्या एका खेपेला लाखभर लिटर पाणी खर्ची पडते. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय दरवाजा हलत नाही. जोर लावून उपयोग नसतो, थांबावे लागते. बाहेर पडल्यावर झडपा खाली आणि दरवाजे बंद.

सर्वांत धोकादायक जागा म्हणजे वरच्या दरवाजाच्या आतला दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा. लॉक भरलेला असताना तो दिसत नाही. काठावरच्या पांढऱ्या रेघेवरून तो ओळखायचा. उतरताना नावेची मागची बाजू या रेघेच्या मागे राहिली, तर पाणी ओसरताना सुकाणू उंबरठ्यावर टेकते, पुढचे टोक खाली जाते आणि नाव काही मिनिटांत बुडू शकते. असे दिसताच खालच्या झडपा ताबडतोब पाडाव्यात, त्या पूर्ण बंद झाल्यावर वरच्या हळूहळू उघडून पाणी परत भरावे. उतरताना दोर कधीही घट्ट बांधू नये. नाव दोराला लटकते. चढताना दरवाजातल्या झडपा घाईने उघडल्या तर पाण्याचा लोट थेट पुढच्या डेकवर येतो, म्हणून जमिनीतल्या झडपा आधी उघडाव्यात. विंडलास झडपेच्या यंत्रावर तसाच सोडू नये. झडप वर अडवून ठेवणारी खिटी निसटली की तो गरगरून हात मोडतो.

वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण उथळ पाण्यात तेवढाही वेग गाठता येत नाही. इंजिन रेटले की मागची बाजू खाली बसते, काठावर लाट फुटते आणि वेग वाढत नाही. बांधलेल्या नावांजवळून इंजिन मंद ठेवून जावे. नाही तर त्यांच्या खुंट्या उपटतात. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. ब्रेक नसतो आणि मागे जाताना सुकाणू जवळजवळ निकामी असते. नाव ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात पिशवी किंवा दोर गुंतला तर इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि पंख्यावरच्या झाकणाच्या भोकातून, म्हणजे वीड हॅचमधून, हात घालून तो कापावा. झाकण पुन्हा नीट आवळले नाही, तर पंखा फिरताच पाणी इंजिनाच्या खणात येते. नाव बुडवणारी ही दुसरी मोठी चूक.

राहण्याचे वेळापत्रक टाक्या ठरवतात. पाणी कालव्याकाठच्या नळावरून भरतात; काही नळांचा दाब इतका कमी असतो की तासभर जातो. कॅसेट शौचालयाचा डबा दर दोनतीन दिवसांनी ठरलेल्या जागीच रिकामा करायचा. स्वयंपाकाला प्रोपेन वापरावा. ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वायुरूप होत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाचे भोक नावेबाहेर उघडते आणि ते मोकळे ठेवावे लागते. शेगडीत बिनधुराचा कोळसा किंवा वाळके लाकूड जाळतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९पासून सक्तीचा आहे. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू दिल्या की लवकर मरतात.

२०१२पासून सुमारे २००० मैलांचे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. परवान्यासाठी विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. १९९५च्या कायद्यानुसार ज्याला नाव बांधायला कायमची जागा नाही, त्याने एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक राहू नये. शाळेत जाणारी मुले किंवा ठरलेली नोकरी असलेल्यांना हे फार जड जाते आणि परवान्यावरचे बहुतेक वाद इथूनच उठतात.

नावेच्या तळाचा पोलादी पत्रा सहसा १० मिमी जाड, बाजूचा ६ मिमी आणि वरच्या खोलीचा ४ मिमी. दर दोनतीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून बाहेरून डांबर लावतात आणि पोलादाऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे मॅग्नेशियमचे ठोकळे, म्हणजे अॅनोड, बदलतात. हिवाळ्यात बर्फ फोडत नाव पुढे नेली, तर पाण्याच्या रेषेवरचे हेच डांबर खरवडून निघते.