जर्नलमधली शेवटची ओळ

सबमिशनच्या आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कुठल्याही मुलाचं जर्नल उघडा. उद्देश, थिअरी, कोड, आउटपुट, आणि सगळ्यात खाली निष्कर्ष: अशा रीतीने आपण अमुक प्रोग्राम यशस्वीरीत्या करून पाहिला. ही ओळ सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेली असते, त्याने त्याच्या सीनियरवरून. सरांची सही होते आणि विषय मिटतो. मला वाटतं, अख्ख्या जर्नलमध्ये शिकण्याची खरी जागा हीच होती आणि ती आपण वाया घालवतो. प्रोग्रामने किती वीज वाया घालवली हा प्रश्नही इथेच विचारता आला असता.

रिकर्शनचं प्रॅक्टिकल घ्या. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची, हे शिकवायला फिबोनाची संख्या ठरलेल्या: १, १, २, ३, ५, ८... पुढची संख्या हवी तर आधीच्या दोन मिळवा. कोड तीन ओळींचा, दिसायला देखणा, आउटपुट बरोबर. पण चाळिसावी संख्या मागितली की ते फंक्शन स्वतःला किती वेळा बोलावतं? ३३,११,६०,२८१ वेळा. तेहतीस कोटी! कारण ते आधी काढलेलं उत्तर लक्षातच ठेवत नाही. अडतिसावी संख्या दोनदा काढतं, सदतिसावी तीनदा, छत्तिसावी पाचदा. पुनरुक्तीचा हा आकडाही फिबोनाचीच्याच चालीने वाढतो.

साध्या लूपने, म्हणजे मागच्या दोन संख्या हाताशी ठेवून तीच पायरी पुन्हा पुन्हा करत गेलं, तर हेच काम चाळिसेक बेरजांत होतं. आणि ती लूपची रीत जुनी आहे. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? पाच. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी छंदशास्त्रात नियम दिला, की शेवटची आणि तिच्या आधीची संख्या मिळवली की पुढच्या मात्रांची संख्या येते. विरहांक या छंदशास्त्रकाराला हे त्याच्याही आधी ठाऊक होतं. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असं मला म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच, की हाताने आकडेमोड करणारा माणूस तेच गणित पुन्हा करत नाही. त्याचे हात दुखतात. कम्प्युटरचे दुखत नाहीत, म्हणून उधळपट्टी दिसत नाही.

ती दाखवायची कशी? अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर यावर एक युक्ती करत. साधारण ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटत: एका नॅनोसेकंदात वीज फार तर एवढीच जाऊ शकते. मग जवळजवळ ३०० मीटर तारेचं भेंडोळं काढत. हा मायक्रोसेकंद. ते प्रत्येक प्रोग्रामरच्या गळ्यात अडकवावं, म्हणजे तो काय फेकून देतोय ते त्याला कळेल, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या लॅबमध्ये तार नको, घड्याळ पुरे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्या रिकर्शनवाल्या कोडला चाळिसाव्या संख्येसाठी अर्धं मिनिट लागलं असं धरू. पन्नासावीला किती लागेल? चाळीस सेकंद, मिनिटभर, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात दर दहा पायऱ्यांनी काम सुमारे १२३ पट वाढतं, म्हणजे पन्नासावीला तास लागतो. लॅपटॉपने तेवढ्यासाठी २० वॅट जास्तीचे खाल्ले, तर स्मार्टफोनची बॅटरी एकदा पूर्ण भरेल एवढी वीज गेली. साठावीला पाच दिवस. ऐंशीव्या संख्येला दोनशे वर्षं.

‘मग पायथन सोडा, सी ही वेगवान भाषा वापरा’ हा सल्ला लगेच येतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये २७ भाषांची तुलना केली, तेव्हा त्यांच्या चाचण्यांत पायथनने सीच्या सुमारे ७६ पट ऊर्जा खाल्ली. आकडा मोठा आहे. पण आपल्या रिकर्शनमध्ये नऊ पायऱ्या पुढे गेलं की काम ७६ पट वाढतं! आकडे जुळले हा योगायोग. तरी सीने केलेली बचत नऊ पायऱ्यांत गिळली जाते हे खरं.

अर्थात साठ मुलांच्या प्रोग्रामांनी जगाचं वीजबिल हलत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे जगातल्या विजेच्या दीड टक्का वीज वापरली; त्यापुढे आपली लॅब म्हणजे दर्यामे खसखस. मात्र यातलीच काही मुलं उद्या कोट्यवधी वेळा चालणारा कोड लिहिणार आहेत. शिवाय नुसती वीज मोजणंही अपुरं. फोन बनवतानाच त्याच्या वाट्याचं बहुतेक प्रदूषण होऊन गेलेलं असतं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांच्याच रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, तेव्हा कितीतरी धडधाकट मशीन केवळ नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत म्हणून म्हातारी ठरली. म्हणून फायनल इयरच्या व्हायवात एक प्रश्न मी आवर्जून विचारेन: तुमचा प्रोजेक्ट लॅबमधल्या सगळ्यात जुन्या पीसीवर चालवून पाहिलात का?

शाश्वततेचा, म्हणजे वीज आणि साधनं जपून वापरण्याचा, पाठ अभ्यासक्रमात नाही असं नाही. संगणकशास्त्राच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय आराखड्यात तो आहे. पण तो वेगळ्या युनिटमध्ये गेला की त्यावर पाच मार्कांची टीप येते, आणि टीप पाठ करता येते. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या विचारपद्धतीबद्दल लिहिताना काम करता करता केलेला विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असा फरक सांगितला. आपल्या जर्नलमध्ये दोन्हींना जागा नाही.

थोडीशी जागा करता येईल. रन करण्याआधी वेळेचा अंदाज लिहायचा. मग रन. निष्कर्षात तीनच गोष्टी: काय वाटलं होतं, काय निघालं, फरक का पडला. अंदाज चुकला म्हणून मार्क कापायचे नाहीत, नाहीतर सगळ्यांचे अंदाज बरोबर येतील. आणि अंदाज पेनने लिहायचा. आउटपुट बघून खोडरबर फिरवण्यात आपण अकरावीपासून तरबेज आहोत; फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबकावरून काढलेलं गुरुत्वत्वरण ९.८ सोडून दुसरं काही आलेलं कुणी पाहिलंय?